अर्धा स्वर खाली

तुम्ही मला खोटा माल पाठवलाय, असं मी त्या दुकानदाराला सरळ लिहिलं. इंग्रजीत लिहावं लागलं म्हणून जरा सभ्य झालं. मराठीत लिहिलं असतं तर त्याची काही खैर नव्हती.

माल म्हणजे गाण्यांचं एक खोकं. आमच्या लहानपणी गाजलेल्या एका इंग्लिश रॉक बँडच्या अल्बमचा रीमास्टर्ड बॉक्स सेट. मूळ टेपा शोधून, त्यांतली खरखर काढून गाणी नव्याने सीडीवर उतरवतात, आणि सोबत जाडजूड पुस्तक, फोटो, जुन्या पोस्टरची घडी असं सगळं पुठ्ठ्याच्या भक्कम खोक्यात घालून विकतात. बँडचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की लोक माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतात, मग साडीकडे बघतात आणि म्हणतात, "काकू, तुम्ही हे ऐकता?" त्या 'तुम्ही'ने माझ्या डोक्यात तिडीक जाते.

असे नऊ सेट माझ्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या खालच्या कप्प्यात होते. हा दहावा, शेवटचा. तो आला की मी ठाण्याला दादाकडे जाणार होते. माझा सख्खा मोठा भाऊ. डोंबिवलीहून ठाणं ते काय, आणि मी अकरा वर्षं त्याच्या घराची पायरी चढले नव्हते. मला त्याची माफी मागायची होती, आणि रिकाम्या हाताने जायला तोंड नव्हतं.

झालं होतं असं. वडील लवकर गेले. आई मुंबईत नोकरीला, घरी यायला सात वाजायचे. मी शाळेतून आले आणि दादा कॉलेजातून आला की सातपर्यंतचा वेळ आम्हा दोघांचा. दादाकडे एक सेकंडहँड टेपरेकॉर्डर होता आणि त्या बँडच्या दहाही अल्बमच्या कॅसेट होत्या. विकत आणलेल्या नव्हेत, भरून घेतलेल्या. स्टेशनजवळच्या गल्लीत एक कॅसेटवाले होते. त्यांच्याकडे परदेशी रेकॉर्ड असायच्या. आपण कोरी कॅसेट घेऊन जायची, अल्बम सांगायचा, आठवड्याने भरून मिळायची. दादा एकेक कॅसेट भरून आणायचा आणि वर निळ्या शाईत बारीक अक्षरात गाण्यांची नावं लिहायचा.

मी तेव्हा गाण्याच्या क्लासला जायचे, घरात पेटी होती. दादा कॅसेट लावायचा आणि मी पेटीवर सूर शोधायचे. त्याला ताल कळायचा, सूर अजिबात नाही. मला सूर कळायचा, पण इंग्रजी एक अक्षर नाही. तो मला शब्दांचे अर्थ सांगायचा, आणि ते बहुतेक चुकीचे होते हे मला पन्नाशीत कळलं. पण त्या वयात त्याच्यासारखा शहाणा माणूस डोंबिवलीत दुसरा नाही, असं मी मैत्रिणींना ठणकावून सांगायचे.

पुढे त्याचं लग्न झालं, तो ठाण्याला गेला. मी आईजवळ राहिले. माझं लग्न झालं नाही, का झालं नाही ते इथे नको. कॅसेट पलंगाखालच्या ट्रंकेत राहिल्या. मग आई गेली. शेवटची तीन वर्षं ती अंथरुणावर होती, आणि तेरावं उरकल्यावर मला त्या घरातली प्रत्येक वस्तू डोळ्यांसमोर नकोशी झाली. भंगारवाला आला. त्याला मी आईचा वॉकर दिला, कमोडची खुर्ची दिली, रद्दी दिली आणि ट्रंक उघडूनसुद्धा न बघता दिली. माझ्या डोक्यातच आलं नाही की तिच्यात काय आहे. देवाशपथ आलं नाही.

पुढच्या रविवारी दादा आला. पलंगाखाली वाकून बघितलं आणि विचारलं, "ट्रंक कुठेय गं?" मी सांगितलं. तो सरळ उभा राहिला, एवढंच म्हणाला, "विचारायचंस तरी," आणि दोन मिनिटांनी निघून गेला. गॅसवर चहा उकळत होता. आमच्या घरात चहा न घेता कुणी उठून जात नाही. भांडायला आलेली माणसंसुद्धा आमच्याकडे चहा पिऊन भांडलेली आहेत. तेव्हा दादा चहा टाकून गेला म्हणजे काय झालं, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यानंतर त्याचा फोन नाही. दर दिवाळीला वहिनीचा यायचा, "भाऊबीजेला येताय ना?" मी काहीतरी कारण काढायचे, कधी गुडघे, कधी सर्दी. मनात म्हणायचे, ज्याने बोलवायला हवं तो तर फोनवर येत नाही. लग्नाकार्यात भेट व्हायची. "कशी आहेस?" "बरी." "तब्येत?" "ठीक." पंगत उठली की तो एकीकडे, मी एकीकडे.

आईच्या वर्षश्राद्धानंतर मी पहिला सेट मागवला. कॅसेट गेल्या त्या गेल्या, पण गाणी परत आणून देता येतील, असं माझ्या मनाने घेतलं. सगळी आणायची, एकही राहायला नको, आणि मग जायचं. एखाददुसरा सेट घेऊन गेले असते तर ते लाच दिल्यासारखं दिसलं असतं.

सेट सहजी मिळत नाहीत. थोडेच काढतात, ते संपतात, मग कुणीतरी विकायला काढेल याची वाट बघत बसायचं. एक सेट कल्याणच्या एका गृहस्थांकडे निघाला. ते मुलाकडे परदेशी कायमचे चाललेले. फोनवर बाईचा आवाज ऐकून म्हणाले, "जरा मिस्टरांना द्या." मी म्हटलं, "मिस्टर झालेच नाहीत, आता बोला." मग बोलले. भेटायला गेले तेव्हा त्यांनी एक तास एकेक सीडी दाखवत त्यांची सगळी कहाणी सांगितली. त्यांनाही ऐकायला कुणी नव्हतं हे दिसत होतं. मला तिथून निघवत नव्हतं आणि बसवतही नव्हतं.

बाकीचे कुरिअरने आले. माझ्याकडे बेल वाजवणारी माणसं मोजकी, म्हणजे दूधवाला, कचरेवाली आणि हा कुरिअरवाला. समोरच्या बाई दारातून डोकावून विचारायच्या, "साड्या का हो?" मी हो म्हणायचे. कुठे समजावत बसता!

प्रत्येक सेट मी आधी ऐकून बघायचे. माझी सगळी नोकरी एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये सॅम्पल तपासण्यात गेली. तपासल्याशिवाय माल पास करायचा नाही, हे हाडात मुरलेलं. रविवारी दुपारी जेवण झालं की सीडी लावायची, शेजारी पेटी घ्यायची आणि आठवणीतल्या सुराशी ताडून बघायची. दादासाठी म्हणून ऐकतेय असं मी स्वतःला बजावायचे, पण खरं सांगते, आठवड्यात तेवढे दोन तास मला घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. गाणं संपलं की पंख्याचा आवाज यायचा आणि मग मी उठून उगीचच काहीतरी आवरायला घ्यायचे.

नऊ सेट पास झाले. दहावा मात्र नाही. तो त्यांचा दोन रेकॉर्डचा मोठा अल्बम होता, आणि तो दादाचा सगळ्यात लाडका. मी सीडी लावली आणि चार सेकंदांत कळलं, काहीतरी चुकतंय. गाणं तेच, माणूस तोच, पण दमलेला. दिवसभर कामाला जाऊन आल्यासारखा गात होता. मी पेटी ओढली. ते गाणं काळी पाचवर सुरू होतं. माझं बोट झोपेतसुद्धा तिथे जाईल. आणि इथे तो पठ्ठ्या पांढरी सहावर सुरू करत होता, बरोबर अर्धा स्वर खाली. आधी मी पेटीवरच संशय घेतला. फोनवरच्या तानपुऱ्याशी ती ताडून पाहिली, पेटी ठीक. मग सीडीची सगळी गाणी तपासली. सगळी अर्धा स्वर खाली.

म्हणून ते पत्र. दुकानदाराने बिचाऱ्याने दुसरा सेट पाठवला. तोही तसाच. मग मी अठरा ओळींचं दुसरं पत्र लिहिलं. त्यावर उत्तर आलं की मॅडम, मूळ टेप ह्याच वेगाची आहे, आपण दुसरीकडे कुठे वेगळी ऐकली आहे काय? मला शिकवतोय! मी रागाने फोन पलंगावर आपटला. आणि मग दोन दिवसांनी, भाजी निवडताना, त्या प्रश्नाने मला धरलं. दुसरीकडे कुठे ऐकली होती मी? एकाच ठिकाणी.

कॅसेटवाल्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पुढे त्यांची सून बसते. ते मागे स्टुलावर पेपर वाचत होते, ऐंशीच्या पुढे असतील. मी ओळख दिली, दादाची खूण सांगितली. त्यांनी मला ओळखलं नाही, पण दादाला ओळखलं.

"तो निळ्या शाईवाला! दर आठवड्याला यायचा. काय करतो आता?"

"रिटायर झालाय. ठाण्याला असतो." मग मी विषय काढला. त्या दोन रेकॉर्डच्या अल्बमची कॅसेट भरताना काही गडबड झाली होती का?

ते असे काही भडकले! "गडबड? माझ्या दुकानात? अहो ताई, बाकीचे दुकानदार साठची कॅसेट संपली की गाणं मधेच तोडायचे. मी उभ्या जन्मात एक गाणं कापलं नाही."

"मग एवढा मोठा अल्बम साठ मिनिटांत बसवलात कसा?"

आता ते गालात हसले. "नव्वदची कॅसेट मी कुणाला द्यायचो नाही. तिची टेप पातळ, मशीनमध्ये गुंडाळते, मग शिव्या आम्हाला. आमच्या टर्नटेबलला वेगाची कळ होती. अल्बम साठच्या वर तीन-चार मिनिटं जात असला की ती जराशी पुढे सरकवायची. रेकॉर्ड थोडी पळते, गाणं पूर्ण बसतं, गिऱ्हाईक खूश. कुणाला कळतंय?"

"मला कळलं," मी म्हटलं.

"चाळीस वर्षांनी!" ते म्हणाले आणि एवढे हसले की सुनेने वळून पाहिलं. मीही हसले. काय करणार, एवढी वर्षं माझ्या बोटाने धरून ठेवलेला सूर ह्या गृहस्थांच्या कळीचा होता.

निघताना विचारलं, अशा कॅसेट किती जणांना दिल्या असतील? ते म्हणाले, "त्या अल्बमला गिऱ्हाईक कुठे होतं? तुमच्या भावाने हट्ट धरला म्हणून मागवला. एकच भरली, त्याच्यासाठी."

घरी येऊन मी त्या परदेशी दुकानदाराची एका ओळीत माफी मागितली. त्याने चार ओळींत मोठ्या मनाने माफ केलं. परक्या माणसाची माफी मागणं इतकं सोपं असतं. मग मी कपाट उघडून नऊ सेटांशेजारी दहावा ठेवला. म्हणजे ती गाणी अशी पळती, अर्धा स्वर वर, ऐकलेली माणसं साऱ्या जगात दोनच. एक मी आणि एक दादा. मला इतका आनंद झाला की मी वहिनीला फोन लावला आणि सांगून टाकलं, "भाऊबीजेला येतेय."

"अगंबाई! वन्सं, खरं की काय? या, या, जेवायलाच या," वहिनी म्हणाली.

दहा खोकी दोन पिशव्यांत भरून मी टॅक्सीने गेले. दादाचं घर अठराव्या मजल्यावर. त्याने दार उघडलं, "ये गं," म्हणाला. पोट सुटलेलं, बाकी तसाच. पाटावर बसायला गुडघे तयार नाहीत म्हणून त्याला खुर्चीवर बसवून ओवाळलं. त्याने ताटात पाकीट ठेवलं आणि मी दोन्ही पिशव्या त्याच्यासमोर ठेवल्या.

"हे काय?"

"बघ तरी."

त्याने पहिलं खोकं काढलं, मग दुसरं. "अरे वा! ही गाणी! आपण ऐकायचो ना तेव्हा?" त्याचा चेहरा खरोखर उजळला. पुस्तकं चाळली, फोटो वहिनीला दाखवले. मला वाटलं, झालं, मिटलं सगळं. मी मुद्दाम तो मोठा अल्बमच काढला आणि टीव्हीखालच्या प्लेयरमध्ये घालायला लावला. वेगाचं काहीएक सांगितलं नाही. मला बघायचं होतं की तो कधी म्हणतो, अगं, हे असं नव्हतं.

गाणं सुरू झालं. दादा खुर्चीच्या हातावर ताल धरून मान हलवत होता. ताल तंतोतंत, त्या दमलेल्या गाण्याच्या बरोबरीने. "काय क्लिअर साउंड आहे गं," तो म्हणाला.

"काही वेगळं वाटतंय?"

"वेगळं? हो, खरखर नाही अजिबात."

"आणखी?"

"आणखी काय?" त्याने माझ्याकडे पाहिलं. "हेच ते. अगदी हेच."

त्याला सूर कधीच कळत नव्हता, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी मी वाट बघत बसले. वहिनीने पानं वाढल्याची हाक मारली, तेव्हा त्याने गाणं मधेच बंद केलं आणि क्रिकेट लावलं.

जेवण झालं, श्रीखंड झालं. वहिनी आत गेली. आता नाही तर कधीच नाही, म्हणून मी बोलायला लागले. "दादा, त्या कॅसेटचं माझं चुकलं. मी ट्रंक उघडून बघितली नाही. आईचं सगळं इतकं अंगावर आलं होतं की..."

"कुठल्या कॅसेट?"

"तुझ्या. पलंगाखालच्या ट्रंकेतल्या. मी भंगारात दिल्या त्या."

तो आठवायला लागला. अगदी मनापासून आठवत होता, मला दिसत होतं. "दिल्यास होय? बरं केलंस. कोण सांभाळत बसणार, आणि वाजवायच्या कशावर?"

"तू चहा न घेता गेलास त्या दिवशी."

"मी? असेल काहीतरी घाई. तुमच्या गल्लीत गाडी लावायला जागा नसते."

माझा आवाज चढला. "अकरा वर्षं तू मला एक फोन केला नाहीस, दादा."

तो खरंच गोंधळला. "अगं, फोनबिन सगळे ही करते. मी कुणालाच करत नाही. ती करत होती ना तुला दर वर्षी?"

"म्हणजे तू रागावला नव्हतास?"

"छे गं! वेडी का तू? कशाला रागावू?" असं म्हणून त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली, मी नववीत असताना मारायचा तशी.

मला आनंद व्हायला हवा होता. माझा भाऊ माझ्यावर एक दिवससुद्धा रागावला नव्हता. पण मला असं एकटं आयुष्यात कधी वाटलं नाही, आई गेली त्या दिवशीही नाही. तो रागात आहे असं धरून मी अकरा वर्षं काढली होती. राग असता तर त्याला कधीतरी जेवताना, कधी रस्त्याने जाताना माझी आठवण होऊन चीड तरी आली असती. मी त्याच्या मनात कुठेतरी होते, असं मला वाटत होतं. मी कुठेच नव्हते. वाईट मनाने नव्हे हो, तो चांगला माणूस आहे. त्याचं आपलं राहून गेलं, आणि राहून गेल्याचं त्याला जाणवलंही नाही.

वहिनी बाहेर आली, खोक्यांकडे बघून म्हणाली, "एवढं ठेवायचं कुठे?" दादा म्हणाला, "माळ्यावर टाकू सध्या." मी पर्स उचलली आणि निघाले. वहिनीने कुंकू लावलं. आता येत जा हं, आता येत जा, असं दोघंही म्हणाले. दादा लिफ्टपर्यंत आला.

"पोचलीस की कळव," तो म्हणाला. आणि दार बंद होता होता, "म्हणजे, हिला कळव."

खाली जाईपर्यंत रडायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण पंधराव्या मजल्यालाच बांध फुटला. नवव्यावर लिफ्ट थांबली आणि फराळाचे डबे घेतलेलं एक कुटुंब आत आलं. मी पदराने तोंड पुसलं. त्यांतल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, कपाळावरचं कुंकू पाहिलं आणि मायेने विचारलं, "भावाकडे आलेलात का?"

"हो," मी म्हटलं. "भाऊ असतो माझा इथे, अठराव्या मजल्यावर."